‘बरं आहे’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न

रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णाची फाइल उघडली की आकडेच आकडे दिसतात. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, बोन मॅरोतल्या ब्लास्ट पेशींचं प्रमाण. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया असेल तर दर काही महिन्यांनी आजार किती उरला ते सांगणारा बीसीआर-एबीएलचा रिपोर्ट, मायलोमा असेल तर एम प्रथिनाची पातळी आणि क्रिएटिनिन. आजार इतक्या बारकाईनं, तोही पुन्हा पुन्हा, मोजता येणं फार थोड्या कॅन्सरमध्ये शक्य असतं. पण हा माणूस सकाळी उठून गाईची धार काढू शकतो का, खुरपं हातात धरलं की बोटं बधिर होतात का, रात्री पिंडऱ्यांत गोळे येऊन झोप मोडते का, याची नोंद त्या फाइलमध्ये सहसा सापडत नाही. नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच) अशा रुग्णांसमोर बसून प्रश्नावली वाचायची आणि त्यांची उत्तरं लिहून घ्यायची, हे माझं काम आहे. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. जगण्याची गुणवत्ता मोजणं हे मोठ्या शहरातल्या संशोधकांचं जास्तीचं काम समजलं जातं. माझ्या मते जिथे साधनं तुटपुंजी आहेत, तिथेच ते उपचाराचा भाग म्हणून व्हायला हवं. शिवाय मोजायचं ते जगणं त्या माणसाचं, त्याच्या गावचं आणि त्याच्या कामाचं असायला हवं.

ही मोजणी फार जुनी नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलातल्या डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस शून्य ते शंभर अशी एक श्रेणी बसवली. रुग्ण किती हिंडतोफिरतो, स्वतःचं स्वतः किती करतो, यावर गुण द्यायचे. पण गुण देणारा डॉक्टर. रुग्णाला स्वतःला विचारण्याची पद्धत रुळायला आणखी चार दशकं गेली. १९९३ मध्ये युरोपातल्या कॅन्सर संशोधन संघटनेची तीस प्रश्नांची यादी, क्यूएलक्यू-सी३०, प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड सेला यांची फॅक्ट-जी. युरोपच्या यादीत बहुतेक प्रश्न गेल्या आठवड्याबद्दलचे आहेत आणि बहुतेकांना उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. त्यांचं रूपांतर शून्य ते शंभर गुणांत होतं, आणि साधारण दहा गुणांचा फरक पडला तर तो रुग्णालाही जाणवणारा फरक मानतात. मायलोमासाठी, क्रॉनिक मायलॉइडसाठी, क्रॉनिक लिम्फोसायटिकसाठी या तीस प्रश्नांना जोडून विचारायचे वेगळे संच पुढे तयार झाले. सगळ्याच रक्ताच्या कॅन्सरना चालेल अशी एचएम-प्रो ही प्रश्नावली २०१८ मध्ये आली. तीस प्रश्नांचं मराठी रूप उपलब्ध आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात तोंड आणि घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर त्याची पडताळणी झाली आणि ती २००५ मध्ये प्रसिद्धही झाली. म्हणजे साधन हाताशी आहे. अडतं ते वापरण्यापाशी.

या मोजणीची गरज समजून घ्यायला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासारखं दुसरं उदाहरण नाही. २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली आणि हा जीवघेणा आजार रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं आटोक्यात ठेवण्याजोगा झाला. ग्लिवेक या नावानं ते औषध भारतात महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडत होतं, देशी कंपन्यांचं ८ ते १० हजारांत मिळत होतं. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, तेव्हा स्वस्त गोळीचा रस्ता खुला राहिला. त्या निकालाचं मोल या जिल्ह्यातल्या रुग्णांना कुणी समजावून सांगायला नको. पण गोळी परवडली म्हणजे ती रोज पोटात जातेच असं नाही. इमॅटिनिबनं मळमळतं, डोळ्यांखाली सूज येते, पिंडऱ्यांत आणि हातांत गोळे येतात, आणि सगळ्यांत चिवट म्हणजे थकवा. इटलीच्या फाबियो एफिकाचे यांनी अनेक वर्षं इमॅटिनिब घेणाऱ्या रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात थकवा हे सर्वाधिक आढळणारं लक्षण होतं, आणि निरोगी माणसांच्या तुलनेत जास्त नुकसान तरुण रुग्णांचं दिसलं, ज्यांच्यावर घर चालतं त्यांचं. आता याच्या शेजारी लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलातला २०१० चा अभ्यास ठेवा. डब्यांच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक चीप बसवून गोळ्या खरोखर किती घेतल्या जातात ते तिथे मोजलं. नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत आजार रेणूच्या पातळीवर आटोक्यात येण्याची शक्यता सहा वर्षांत ९४.५ टक्के निघाली. त्याहून कमी घेणाऱ्यांत २८.४ टक्के. त्रास होतो म्हणून गोळी चुकते, गोळी चुकते म्हणून आजार उचल खातो. या साखळीची पहिली कडी रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, शेवटची दिसते, आणि तोवर उशीर झालेला असतो. पहिली कडी वेळेवर पकडायची तर माणसाला विचारावंच लागतं.

म्हणूनच ‘आधी जीव वाचवा, गुणवत्तेचं नंतर बघू’ हा आक्षेप मला पटत नाही. तीव्र ल्युकेमियात पहिले काही आठवडे जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावाशीच झुंज असते. तेव्हा तीस प्रश्नांचा कागद पुढे करणं क्रूरपणाचं ठरेल, हे मी मान्य करते. पण रक्ताच्या कॅन्सरचे बरेच रुग्ण त्या अवस्थेत नसतात. लहान मुलांच्या ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो, मायलोमाचा थांबत-थांबत वर्षानुवर्षं, क्रॉनिक मायलॉइडचा अनेकांना जन्मभर. इतका काळ चालणारा उपचार टिकतो की मध्येच सुटतो, हे ठरतं रोजच्या दिवसात. जीव वाचवणं आणि दिवस सुसह्य करणं अशी दोन वेगळी खाती या आजारात पाडता येत नाहीत.

आता या जिल्ह्याकडे येऊ. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा: १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर, चौदा तालुके. अकोले तालुक्यातला माणूस नाशिक गाठतो, नेवाशातला छत्रपती संभाजीनगर, पारनेर-श्रीगोंद्याचा पुणे, जामखेड-खर्ड्याकडच्याला बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल सोयीचं पडतं, आणि अवघड केस असेल तर सगळ्यांनाच मुंबई. लोणी, विळद घाट, नगर शहर इथे मोठी रुग्णालयं आहेत, तरी खास तपासण्यांसाठी जिल्ह्याबाहेर जाणं अनेकांना चुकत नाही. तीस प्रश्नांच्या यादीत पहिलाच प्रश्न जड पिशवी किंवा सुटकेस उचलण्यासारख्या कष्टाच्या कामाचा आहे. कांद्याची गोणी पाठीवर घेणाऱ्या, पाण्याचा हंडा लांबून आणणाऱ्या माणसाला हा प्रश्न सोपा वाटतो आणि तो ‘थोडं’ म्हणतो. पण त्याचं रोजचं काम पिशवीच्या पलीकडचं आहे, आणि नेमकं तेच त्याला जमेनासं झालेलं असतं. शंभरातले बरेच गुण मिळवूनही माणूस कामावरून बाद झालेला असू शकतो. मायलोमात बोर्टेझोमिब या औषधानं हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. कार्यालयात बसणाऱ्याला तो त्रासदायक वाटेल, पण दुधावर घर चालवणाऱ्या संगमनेर-राहात्याकडच्या बाईला सड नीट धरता आला नाही तर तिचा धंदा मोडतो.

काळाचंही तसंच. ‘गेल्या आठवड्यात’ ही मुदत आठवणीच्या दृष्टीनं योग्य आहे, कारण त्याहून मागचं माणसाला नेमकं आठवत नाही. पण पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा श्रावणातला आठवडा आणि पौषातला आठवडा एक नसतो. श्रावणात घरी असताना मिळालेले गुण चांगले दिसतात. हंगामात पहाटेच्या थंडीत फडात उभं राहायचं, मोळ्या डोक्यावर वाहायच्या, तेव्हा तोच माणूस तीच गोळी घेऊन पार गळून जातो. आणि तेव्हा तो तपासणीला येत नाही, कारण नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल अंगावर असते, एकानं पाय मागे घेतला की दोघांचं काम थांबतं. त्यामुळे आपण मोजतो ते बऱ्याचदा त्यांच्या वर्षातले हलके दिवस. मोजणीची तारीख दवाखान्याच्या सोयीनं न ठरवता कामाच्या हंगामाला धरून ठरवायला हवी. हंगामात फोनवर चार प्रश्न विचारले तरी चालतील, पण तेव्हा विचारायला हवेत. तीस प्रश्न मात्र आपल्या मनानं बदलू नयेत. ते बदलले की पुण्याच्या, टाटाच्या, युरोपातल्या आकड्यांशी तुलना तुटते. मूळ यादी जशीच्या तशी ठेवावी आणि तिच्यामागे आपले प्रश्न जोडावेत: धार काढता येते का, खुरपता येतं का, वाकून उठता येतं का, गेल्या महिन्यात किती रोज बुडाले, सोबत येणाऱ्याचे किती बुडाले.

पैशांसाठी मूळ यादीत एकच प्रश्न आहे: आजारामुळे किंवा उपचारामुळे आर्थिक अडचण झाली का. इथे बहुतेक सगळे ‘खूप’ म्हणतात, त्यामुळे माणसामाणसांतला फरकच कळत नाही. ज्याचा पगार तुटला आणि ज्यानं गाय विकली, दोघेही एकाच चौकटीत. आर्थिक ताण मोजण्यासाठी कॉस्ट नावाची वेगळी प्रश्नावली २०१४ मध्ये आली, ती यापेक्षा पुष्कळ खोल जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे रुग्णालयातला मोठा खर्च अनेकांचा टळतो. मात्र योजनेच्या हिशेबात बुडालेली मजुरी येत नाही, घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांची आबाळ येत नाही, पांढऱ्या पेशी कमी असताना ‘पाणी उकळूनच प्या’ असं सांगितल्यावर टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या घरात लागणारं जास्तीचं सरपण आणि जास्तीचा हंडा येत नाही. हे सगळं जगण्याच्या गुणवत्तेतच मोडतं. ते मोजलं नाही तर कागदावर उपचार मोफत दिसतो आणि घर मात्र खचत जातं.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप आहे तो विश्वासार्हतेचा. आमच्याकडची माणसं काही विचारलं की ‘बरं आहे’ म्हणतात. अशा उत्तरांवर आकडे उभे कसे करायचे? डॉक्टरांसमोर तक्रार करणं उद्धटपणाचं वाटतं, तक्रार केली तर गोळी बंद करतील अशी भीतीही असते. बापाला विचारावं तर मुलगा उत्तर देतो, सुनेला विचारावं तर ती सासूकडे पाहते. बऱ्याच घरांत रुग्णाला आजाराचं नावच सांगितलेलं नसतं आणि नातेवाईक दारातच सांगून ठेवतात, त्यांच्यासमोर कॅन्सर म्हणू नका. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यांतून निघतं ते एवढंच, की विचारण्याचंही एक कसब आहे आणि ते शिकावं लागतं. मूळ तीस प्रश्नांत आजाराचं नाव घ्यावं लागत नाही. तब्येत आणि उपचार एवढंच येतं, त्यामुळे ज्याला निदान माहीत नाही त्यालाही ते प्रामाणिकपणे विचारता येतात. रुग्णाला एकट्यात बसवावं, बाईला बाईनं विचारावं, ज्याच्या हातात औषध देणं आहे त्यानं प्रश्न विचारू नयेत. ‘कसं आहे’ या प्रश्नावर ‘बरं आहे’ हेच उत्तर येणार, ते सभ्यतेचं उत्तर आहे. ‘गेल्या आठवड्यात दिवसा आडवं व्हावं लागलं का’ या प्रश्नाला सभ्यतेचं उत्तर नसतं. मोजमापाची खरी ताकद प्रश्न नेमका असण्यात आहे, आणि रुग्ण त्याला नेमकं उत्तर देतात, हे मी ठामपणे सांगू शकते.

याच आक्षेपाचा दुसरा पदर जास्त अवघड आहे. माणूस आजाराशी जुळवून घेतो. दोन वर्षांपूर्वी ज्याला तो ‘बरंच’ म्हणायचा, त्याच थकव्याला आता ‘थोडं’ म्हणतो, कारण त्याची अपेक्षा खाली आली. आकडा सुधारला पण शरीर तेच. म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नये. जुळवून घेतल्यामुळे आलेले चांगले गुण खोटे मानायचे का? मला तसं वाटत नाही, कारण समाधानही त्याचंच आहे. पण जो त्रास औषध बदलून कमी होऊ शकला असता तो त्यानं पचवून टाकला असेल, तर ते आपल्याला कळायला हवं. त्यासाठी भावनेच्या प्रश्नांशेजारी कामाचे प्रश्न लागतात. ‘किती थकता’ याचं उत्तर सवयीनं बदलतं. ‘किती सऱ्या खुरपल्या’ याचं इतक्या सहजी बदलत नाही.

वेळ कुणाला आहे, असंही विचारलं जातं. ओपीडीत रांग दारापर्यंत असताना वीस मिनिटं एका माणसाला कुठून द्यायची? डॉक्टरांनी द्यायची नाहीतच. १९७० च्या दशकात रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी याच जिल्ह्यात, जामखेडला, गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्या काळी त्या भागातला बालमृत्युदर हजारी १७६ च्या घरात होता, आणि तो खाली आणण्यात या बायकांच्या घरोघरच्या विचारपुशीचा आणि नोंदींचा मोठा वाटा होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जिथे हे घडलं तिथे आशाताईंना तीस प्रश्न नीट विचारायला शिकवता येणार नाही, हे मला खरं वाटत नाही. अर्थात आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, तेव्हा या कामाचे पैसे वेगळे मिळाले पाहिजेत. वेळेचं फळ काय, यालाही उत्तर आहे. ईथन बॅश यांनी न्यूयॉर्कमध्ये ७६६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत निम्म्याहून जास्त रुग्णांनी आपली लक्षणं नियमित कळवली आणि त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात त्यांचं मध्यक आयुष्य ३१.२ महिने निघालं, नेहमीच्या पद्धतीनं उपचार घेणाऱ्यांचं २६. ते रुग्ण पसरलेल्या गाठींच्या कॅन्सरचे होते, रक्ताच्या नव्हे. म्हणून हा आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण विचारण्याची व्यवस्था हीसुद्धा उपचार ठरू शकते, एवढं त्यातून निश्चित दिसतं.

एक भीती मलाही आहे. २०१७ पासून देशात औषधं आणि उपचारांचं मूल्यमापन करणारी सरकारी यंत्रणा आहे. चंडीगडच्या पीजीआयनं भारतीयांची मतं घेऊन ईक्यू-५डी या पाच प्रश्नांच्या मापासाठी देशाची मूल्यं २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात सर्वांत वाईट अवस्थेची किंमत उणे ०.९२३ आहे, म्हणजे लोकांच्या लेखी मरणाहून वाईट. ही किंमत ठरवतात सर्वसाधारण लोक, अवस्था कल्पनेत आणून. तिच्यात जगणारा माणूस तिला इतकी वाईट म्हणेलच असं नाही. उद्या या आकड्यांवर महागडं औषध कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे ठरलं तर कष्टकऱ्याचं खालावलेलं जगणं त्याच्याच विरोधात वापरलं जाईल का? शक्यता आहे. पण आपण मोजलं नाही म्हणून निर्णय थांबत नाहीत. ते मोठ्या शहरांतल्या रुग्णांच्या आकड्यांवर होतात आणि इथला माणूस त्यांत असतच नाही. शिवाय हातात आलेल्या आकड्याचा पहिला उपयोग त्याच रुग्णासाठी करता येतो, त्याला कुठल्याही समितीची वाट पाहावी लागत नाही. इमॅटिनिबनं मळमळत असेल तर गोळी जेवणासोबत, मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर घेतली जाते ना, हे पाहायचं. बोर्टेझोमिब शिरेतून देण्याऐवजी कातडीखाली दिलं तर मज्जातंतूंचा त्रास ५३ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर येतो, हे २०११ च्या चाचणीत सिद्ध झालं आहे. बोटं बधिर होऊ लागल्याची नोंद पहिल्या महिन्यात मिळाली तर वेळापत्रक आठवड्यातून एकदाचं करता येतं, सहा महिन्यांनी मिळाली तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. ब्रिटनमधल्या डेस्टिनी अभ्यासात आजार दीर्घकाळ खोलवर आटोक्यात असलेल्या क्रॉनिक मायलॉइडच्या रुग्णांचा डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली निम्मा केला, तेव्हा बहुतेकांचा आजार आटोक्यातच राहिला आणि थकवा-मळमळ पहिल्या तीन महिन्यांत कमी झाली. असा निर्णय कुणासाठी घ्यायचा हे बीसीआर-एबीएलचा रिपोर्ट अर्धंच सांगतो. उरलेल्या अर्ध्यासाठी हंगामात भरलेला तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर, रक्ताच्या रिपोर्टच्या शेजारी, त्याच दिवशी असावा लागतो.